दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात का?

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, कागलच्या एका शाळेत शिकवते. उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो, पायाची आतली लांबी २७ इंच. बारा वर्षं स्कूटर चालवल्यावर यंदा जानेवारीत रॉयल एनफिल्डची सेकंड हँड हिमालयन ४११ मोटरसायकल घेतली. गाडी चालवायची भीती वाटत नाही, थांबवायची वाटते. बसल्यावर दोन्ही पायांची फक्त बोटं टेकतात. दोनदा पडले. एकदा दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला आणि एकदा पेट्रोल पंपावर, सगळ्यांदेखत. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, मागच्या लिंका (मागच्या शॉकअपला जोडणाऱ्या पट्ट्या) नव्या करून देतो, गाडी दीड इंच खाली बसेल, टाचा टेकतील. दिवाळीच्या सुट्टीत गगनबावड्यावरून कोकणात उतरायचा बेत आहे. लिंका करून घेऊ का?

उत्तर : ताई, ‘चालवायची भीती वाटत नाही, थांबवायची वाटते’ हे तुमचं वाक्य मी गॅरेजातल्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हसले. मी हसलो नाही, कारण मी स्वतः पाच फूट तीन इंच. उद्यमनगरात बत्तीस वर्षं पाने फिरवतोय, पण उंच गाडीची ट्रायल घेऊन परत येताना अजून माझी नजर आधी रस्त्याचा उंचवटा शोधते, मग गॅरेजचं दार.

मिस्त्रींना आत्ता थांबा म्हणा. त्यांचा उपाय चुकीचा नाही. तो शेवटचा आहे आणि ते पहिला म्हणून सांगतायत.

आधी गाडी तुमच्याखाली किती बसते ते मोजू. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक लोंबकळतं ठेवा. चाकाच्या एक्सलच्या मधोमध सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा आणि एक्सलपासून तिथपर्यंत टेपनं मोजा. मग गाडी खाली घ्या, हेल्मेट-जाकीट घालून बसा, समोर कुणाला तरी हँडल धरायला सांगा, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा, दोनदा गाडी दाबून सोडा. आता तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची सॅग. तुमच्या गाडीचं मागचं चाक एकूण १८० मिमी वर-खाली होतं. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ५५ ते ६० मिमी, गाडी नुसत्या तुमच्या वजनानं बसली पाहिजे. माझा अंदाज असा, की तुमची ३५-४० मिमीच बसत असेल. सेकंड हँड गाडी आहे, आधीचा मालक कदाचित ऐंशी-नव्वद किलोचा, मागं बायको आणि दोन बॅगा; त्यानं शॉकअपची स्प्रिंग दाबणारी रिंग आवळून ठेवली असणार. त्या आवळलेल्या स्प्रिंगवर तुम्ही ५२ किलो बसलात तर स्प्रिंगला तुम्ही आलात हे कळतसुद्धा नाही.

रिंग सी-पान्यानं, म्हणजे आकड्यासारख्या वाकड्या पान्यानं, ढिली करायची. अर्धा-अर्धा फेरा, आणि दरवेळी पुन्हा मोजायचं. १५ ते २० मिमी इथंच मिळतील, खर्च शून्य. वर गाडी मऊ चालेल, कारण आत्तापर्यंत ती तुमच्या वजनाला दगडासारखीच चालली असणार. फक्त एक बघा. तुम्ही उतरल्यावर, गाडी नुसत्या स्वतःच्या वजनानं २५ मिमीच्या वर बसायला लागली, तर तुमच्या वजनाचा वाटा कमीच पडतोय, म्हणजे स्प्रिंगच तुमच्यासाठी कडक आहे असं समजायचं आणि रिंग आणखी सोडायची नाही. तिथं तुमच्या वजनाची मऊ स्प्रिंग बसवून घ्यायची. शाळेतली मैत्रीण मागं बसवणार असाल तर रिंग परत आवळावी लागेल, हे विसरू नका.

दुसरं, सीट. ब्रोशरमध्ये सीटची उंची ८०० मिमी लिहिलेली असते, पण ब्रोशरवाल्यांना मांड्या नसतात. म्हशीवर बसलेलं पोर कधी नीट पाहिलंय का? आपल्याकडं पाडव्याला सजवून बाहेर काढतात तेव्हा बघा. म्हैस घोड्यापेक्षा बुटकी, तरी पोराचे पाय दोन्ही बाजूंना फाकून हवेत. उंचीपेक्षा रुंदी जास्त खाते. हिमालयनची सीट टाकीजवळ बऱ्यापैकी रुंद आहे. सिग्नलला थांबताना आपण पुढं सरकतो, म्हणजे नेमकं तिथंच बसतो.

म्हणून सीटवाल्याकडं गेलात की ‘सीट खाली करा’ एवढंच सांगून चहाला जाऊ नका. तिथंच उभ्या राहा. त्याला सांगा, पुढच्या सहा इंचांत दोन्ही कडा तिरप्या तासायच्या, मांडी सरळ खाली उतरली पाहिजे. वरून २० ते २५ मिमी, त्याहून जास्त नाही. काढलेल्या जाडीतला थोडा भाग घट्ट फोमनं परत भरून घ्यायचा, नाहीतर राधानगरीपर्यंतच बूड दुखायला लागेल. दोन खेपांत कापा म्हणावं : एकदा कापून, रेक्झिन नुसतं ओढून धरून बसून बघायचं, मग गरज वाटली तर पुन्हा. कापलेला फोम परत येत नाही. आणि शक्यतो जुनी सीट कुठून तरी मिळवून ती कापा, कंपनीची तशीच घडी न मोडता ठेवून द्या. गाडी विकताना तुम्ही माझी आठवण काढाल.

तिसरं, बूट. पेट्रोल पंपावर तुमच्या पायात काय होतं, हे पत्रात नाही. माझी पैज आहे, शाळेतल्या सपाट चपला. घोट्याच्या वर येणारा, कडक आणि २०-२५ मिमी जाड तळ असलेला रायडिंग बूट घ्या. उंच टाचेचा नको, टाच फूटरेस्टमध्ये अडकते. बूट जाड झाला की गिअरच्या दांडीखाली पाय शिरत नाही, तेव्हा दांडी एक-दोन दाते वर लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळं लोक बूट फेकून देतात.

आता बेरीज करा. रिंगचे १५-२०, सीटचे २०-२५, बुटाचे निदान १५. धरून चाला ५० ते ६० मिमी, म्हणजे दोन इंच. मिस्त्री दीड इंच देणार होते, गाडीचं कंबरडं बदलून.

कंबरडं म्हणतो ते उगाच नाही. तुमच्या गाडीत शॉकअप थेट चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, लागत नाही, मध्ये लिंकेज आहे. बहुतेक गाड्यांत लिंक लांब केली की मागचा भाग बसतो. पण लिंकमध्ये काही मिलिमीटर वाढवले की चाकाजवळ त्याचे कितीतरी जास्त होतात, म्हणजे भोकं पाडताना झालेली मिलिमीटरभर चूकसुद्धा तितक्याच पटीनं वाढते. लिंक दोन पट्ट्यांची असेल आणि डाव्या-उजव्या पट्टीत भोकांमधलं अंतर जरा जरी कमी-जास्त झालं तर बेअरिंग तिरपं चालतं. उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या काळापासून एकेक नामी कारागीर आहेत, त्यांच्या हाताबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय ते भंगारातली एम.एस.ची (साध्या मऊ लोखंडाची) पट्टी उचलून ड्रिलखाली धरणाऱ्याबद्दल. मऊ लोखंडातली भोकं खड्ड्यांत अंडाकृती होतात. लिंक करायचीच तर ईएन-२४ सारख्या पोलादाची, भोकं ड्रिलनं न पाडता बोअर केलेली.

आणि नुसतं मागं बसवून चालत नाही. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १४६५ मिमी. मागचा भाग २५ मिमी खाली गेला आणि पुढचा तसाच राहिला, तर पुढचा फोर्क सुमारे १ अंशानं आडवा होतो. ऐकायला काहीच नाही. चालवताना मात्र हँडल आळशी होतं, घाटातल्या वळणावर गाडी बाहेर बाहेर जायला बघते, पुढचं चाक हलकं वाटतं. हेडलाइट वर जातो, समोरचा ट्रकवाला डिपर मारून मारून थकतो. म्हणून पुढचे फोर्क पाइप टीमधून, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या पट्टीतून, तेवढेच वर सरकवावे लागतात, दोन्ही बाजूंना अगदी सारखे. ते वर सरकवले की पुढचं चाक पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या टीला लागत नाही ना, हे बघावं लागतं. मागंही तसंच : लिंक बदलली तरी शॉकअपची चाल तीच राहते, त्यामुळं चाक पूर्वीपेक्षा जास्त वर येतं आणि टायर आतल्या मडगार्डला घासतो. एकट्यानं चालवताना कळत नाही. मागं माणूस बसला आणि गल्लीतल्या मंडळानं रात्रीत घातलेला स्पीडब्रेकर आला, की ‘खर्रर्र’. हे बघायची रीत अशी, की शॉकअपची स्प्रिंग काढून नुसता शॉकअप लावायचा आणि चाक हातानं शेवटपर्यंत वर उचलून बघायचं. हे करून दाखवणाराच मिस्त्री खरा. चेनचा ढिलेपणाही बदलतो, तो गाडीवर माणूस बसवून तपासायचा.

साइड स्टँडची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण ती माझ्याच अंगावरची आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका पोराची गाडी मी खाली बसवून दिली होती. पुढं-मागं सारखी, चेन बघितली, टायर बघितला, स्वतःवर खूश. स्टँड विसरलो. गाडी खाली आली पण स्टँड तेवढाच लांब, म्हणजे गाडी कलायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी. गॅरेजच्या सपाट फरशीवर काहीच जाणवलं नाही. तो रविवारी जोतिबाला गेला. पार्किंगला जरासा उतार, वारा, त्यात कुणाचा तरी धक्का. गाडी उजवीकडं पडली, तिनं शेजारची पाडली, तिनं तिसरी. संध्याकाळी तो गॅरेजवर आला तेव्हा टाकीला वाटीएवढा खळगा आणि त्या खळग्यात गुलाल भरलेला. तो काही बोलला नाही, तेच वाईट. तीन टाक्यांचं डेंटिंग मी भरलं.

तेव्हापासून स्टँड कापायची माझी एक रीत आहे. गाडी खाली बसवून झाली की साइड स्टँडवर लावायची आणि दोन्ही चाकांखाली प्लायवूडचे तुकडे सरकवत जायचे, पहिल्यासारखी कलेपर्यंत. जेवढी प्लायवूडची जाडी, साधारण तेवढाच स्टँड कापायचा. मधून कापायचा, आत सळई घालून वेल्ड करायचा आणि खालच्या टाचेचा कोन बिघडू द्यायचा नाही. टाच जरा मोठी करून घेतली तर पावसाळ्यात चिखलात रुतत नाही. डबल स्टँडही मग लांब ठरतो, गाडी त्यावर चढवताना दोन माणसं लागतात. तोही तेवढाच कापावा लागतो.

तेव्हा लिंक करायचीच झाली तर २५ मिमीच्या वर नाही, आणि पुढं-मागं दोन्हीकडं. गाडीची २२० मिमीची जमिनीपासूनची उंची मग १९५ वर येते, एवढं ध्यानात ठेवायचं. अजून एक : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. सीटच्या फोमवरून कुणी अडवल्याचं मी पाहिलेलं नाही, पण लिंक, फोर्क, स्टँड बदलण्याआधी आरटीओत आणि विम्याच्या माणसाला विचारून घ्या. अपघात झाल्यावर विचारणं महागात पडतं.

आता टाचांबद्दल. दोन्ही टाचा टेकायला हव्यात ही स्कूटरची सवय. ही गाडी १९९ किलोची आहे. ती एकदा कलायला लागली की तुमच्या दोन टाचाच काय, माझ्या आणि मिस्त्रींच्या मिळून चार टाचासुद्धा तिला धरू शकत नाहीत. ती कलूच नये हे बघायचं. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवरच ठेवायचा, बूड सीटवर जरा डावीकडं सरकवायचं आणि डावा पाय पूर्ण टेकवायचा, टाचेसकट. उजवा टेकवायचाच नाही. दोन बोटांच्या टोकांवर डुगडुगण्यापेक्षा एक तळवा भक्कम. थांबायच्या शेवटच्या दोन हात अंतरात पुढचा ब्रेक सोडून द्यायचा आणि हँडल सरळ ठेवायचं. बहुतेक गाड्या हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबल्यानं पडतात. तुमची पंपावरची गाडीही तशीच पडली असेल, मशीनकडं वळता वळता.

पाय कुठं टेकवताय हे पायाच्या आधी डोळ्यांनी ठरवायचं. गगनबावड्याच्या रस्त्याला पावसाळ्यानंतर साइडपट्टी कधी कधी वीतभर खाली गेलेली असते. गाडी डांबराच्या कडेला थांबवली आणि डावा पाय साइडपट्टीवर ठेवायला गेलात, तर तिथं जमीन नसतेच. घाटात थांबायची वेळ आली तर डोंगराकडच्या, उंच बाजूला पाय ठेवा. पार्किंगमध्ये गाडीचं तोंड उताराकडं करून लावू नका, परत मागं ढकलता येत नाही; मागचं चाक उताराकडं, तोंड चढाकडं. आणि गाडीवर बसून पायांनी ढकलत मागं घ्यायची नाही, उतरायचं, डाव्या बाजूनं कंबर गाडीला टेकवून चालवत न्यायची. लोक बघतात, बघू देत.

सराव करायचा तर आधी अर्ध्या टाकीवर करा. १५ लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ११ किलो, आणि तेही सगळं वरती. सकाळी सहाला रंकाळ्याच्या बाजूला गर्दी सुरू व्हायच्या आत या, वीस वेळा थांबा आणि निघा. गाडी उचलायचीही शिका : हँडल पूर्ण वळवून, सीटला पाठ लावून, पाठीनं नाही तर मांड्यांनी रेटत मागं मागं चालायचं. त्याआधी गाडी गिअरमध्ये आणि, उजवीकडं पडली असेल तर, साइड स्टँड बाहेर.

हे सगळं करून महिनाभरानं मोजा. अजूनही एक तळवा पूर्ण टेकत नसेल तर मिस्त्रींकडं जा, प्लायवूडचे तुकडे बरोबर घेऊन.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितोय. सीट जवळजवळ दोन इंच कापून घेतली, पाय टेकतात पण तासाभरात बसवत नाही. जेलपॅड टाकू का?

उत्तर : दोन इंच कापल्यावर खाली उरलं काय, प्लास्टिकचं ताट? जेलपॅड वर टाकलात की गेलेली उंची परत येईल आणि पॅड उन्हात तापेल तो वेगळाच. सीट उघडून उरलेला मऊ फोम काढा, त्या जागी घट्ट फोम भरून एक इंच परत वर घ्या, कडा मात्र तिरप्याच ठेवा. पाय आत्तापेक्षा थोडेच कमी टेकतील.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको एकच गाडी वापरतो. ते सहा फूट, मी पाच फूट दोन. नवीन हिमालयन ४५० घ्यायचा विचार आहे. उंच माणसासाठी खाली केलेली गाडी चालेल का?

उत्तर : खाली करूच नका. या गाडीची सीट मुळातच ८२५ वरून ८४५ मिमी करता येते आणि कंपनीची लो सीट घेतली तर ८०५ पर्यंत येते. दोन सीटा घ्या, बदलायला दोन मिनिटं लागतात. त्यांनी चालवायची तेव्हा गुडघे दुमडू नयेत म्हणून उंच सीट, तुमच्यासाठी लो. वजनातही फरक असणार, म्हणून मागच्या शॉकअपची सॅग दोघांचीही वेगवेगळी मोजा आणि दोघांसाठी रिंग किती फेरे ते सीटखालच्या प्लास्टिकवर मार्करनं लिहून ठेवा. कुणाचा आकडा कुणाचा, तेही लिहा.